सोमवारपासूनची कीर्द

मुक्काम नेकनूर,
भाद्रपद वद्य चतुर्थी, फसली १३२६

तीर्थस्वरूप रामहरीदादा यांच्या पायांशी धाकट्या सारजेचा दंडवत. (गुडघा वाकत नाही, तेव्हा कागदावरच मानून घ्यावा.) सुभद्रावहिनींचा खोकला गेला का? जालन्याच्या पेढीवर वह्या लिहून तुमचे डोळे कसे आहेत? मी बरी आहे. रोज बरी आहे म्हटलं की तब्येतही हळूहळू ऐकते.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, घरात बसून पोथी वाचायची सोडून सारजेला शाळेत मुनीमकी शिकवायचं कुणी सांगितलं. सुंदरराव मास्तरांनी सांगितलं. त्यांची खासगी शाळा इथं मारुतीच्या ओसरीवर भरते. पोरं पावकी-निमकी धडाधडा म्हणतात आणि मग गळतात, कारण पाढे पाठ करून पुढं करायचं काय, हे त्यांना कळत नाही. (मला तो प्रश्न कधी पडला नाही. मला पाढेच कुणी शिकवले नव्हते.) मास्तर म्हणाले, तुमच्या घरचे बीडच्या अडतीवर मुनीम होते, पोरांना दोन शब्द सांगा. ह्यांनी घरखर्चाची कीर्द लिहिलेली आहे. तिच्यावरच मी मोडी वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती फडक्यातून सोडली आणि घेऊन गेले. चार वर्षांत पहिल्यांदाच घराबाहेर निघाली.

पोरांना म्हटलं, अडतीचा धनी केवढाही मोठा असो, मुनीम "मेळ बसला" म्हणेपर्यंत तो जेवायला उठत नाही. कापसाचा कारखाना असो, नाही तर रेल्वेचं गोदाम, लिहिणारा माणूस सगळीकडं लागतो. पोरं जमिनीवर रेघोट्या ओढत होती. मग सिदूनं विचारलं, "काकू, मुनीम उन्हात बसतो का?" म्हटलं, सावलीत, गादीवर. अकरा हात वर झाले. (दादा, तुम्ही इतकी वर्षं या धंद्याची थोरवी सांगत आलात. गादीचं आधी सांगायचं होतं.)

मग मी आठ दिवसांचा अभ्यास दिला, आपापल्या घरच्या रोजच्या जमाखर्चाची कीर्द लिहायची. घरात आलं ते डावीकडं जमा, गेलं ते उजवीकडं नावे, आणि प्रत्येक नोंदीला 'हस्ते' लावायचं, म्हणजे कुणाच्या हातून गेलं आणि कशाबद्दल. सिदूनं घरी आलेली आत्या जमा धरली. ती आठ दिवसांत गेली नाही, म्हणून 'शिल्लक आत्या एक' लिहून खाली रेघ मारली. यात चूक काय, हे मला अजून धड सांगता आलेलं नाही. तुम्हाला येतं का?

खरा घात झाला तो सत्यभामेच्या कीर्दीनं. ही भगवानराव पाटलांची नात, शाळेतली एकटीच मुलगी. पाटलांना अक्षरओळख नाही, पण नातीचं कौतुक फार. त्यांनी तिला चावडीवर पाहुण्यांपुढं वाचायला उभं केलं. ती खणखणीत वाचत गेली, "नावे, तूप अर्धा शेर. हस्ते आजी. आजीच्या भावाला चोरून धाडल्याबद्दल. आजोबाला सांगू नये."

पाहुणे पागोटी सारखी करू लागले. पाटील म्हणाले, "हे तूप कवापासून जातंय गं?"

"ते न्हाई लिवलेलं, आजोबा. कीर्द सोमवारपासून हाय."

त्याच दुपारी सत्यभामेची आजी, पाटलीण केशरबाई, माझ्या दारात. "सारजाबाई, लेकरांला लिवायला शिकवा, पर बघायला कावून शिकवता?"

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः ओसरीवर आले. "वर्ग बंद. हितं कडबा भरतो." म्हणाले खरे, पण गेले नाहीत. खांबाला टेकून नातीला विचारलं, "हे हस्ते अडत्याला बी इचारता येतं का गं?" दादा, गोष्ट अशी, की तीन वर्षं अडत्या कापसाच्या चिठ्ठ्या देतो आणि पाटील मान डोलावून घेतात. काही चिठ्ठ्या निजामाच्या हालीत, काही इंग्रजांच्या कलदारात. (एका राज्यात दोन रुपये कशाला, हे मला फार दिवसांचं कुतूहल आहे.) शेवटी ठरलं ते असं. पोरांनी त्या चिठ्ठ्यांची खतावणी करायची, म्हणजे एका माणसाचा सारा व्यवहार एका खात्यात आणायचा, आणि दिवाळीच्या पाडव्याला चावडीवर बाकी वाचून दाखवायची. जमलं तर वर्ग पाटलांच्या खर्चानं चालेल. नाही जमलं तर कडबा. मी सगळ्यांदेखत सांगितलं, जमेल, खतावणी सोपी असते.

आणखी एक विचारायचं होतं. ह्यांच्या कीर्दीत शेवटच्या पानावर 'शिल्लक पुढे' असं लिहिलेलं आहे, आणि पुढचं पान कोरं आहे. खातेदार गेला की त्याचं खातं बंद करतात, का शिल्लक तशीच ओढत नेतात? पेढीवरची रीत कळवा. घाई नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमची सारजा

ता. क. - चिठ्ठ्या सत्तेचाळीस आहेत. मी सगळ्या वाचल्या आणि तारीखवार लावल्या. पोरं रोज विचारतात, काकू, खतावणी कधी? मी म्हणते, आधी अक्षर सुधारा. आता अक्षरं फारच सुधारली आहेत.

ता. क. दुसरा - खतावणी मला येत नाही. हे खतावणी अडतीवरच लिहायचे, घरी कधी आणली नाही. "पाडव्याला नवी वही घालू, तेव्हा शिकवतो," म्हणाले होते, आणि आश्विनातच गेले. तेव्हा दादा, दसऱ्याच्या आत चार दिवसांची सुट्टी काढून या. पोरांना मी सांगितलंय, जालन्याहून मोठे मुनीम तुमची परीक्षा घ्यायला येणार आहेत. आल्यावर पहिला प्रश्न मला विचारू नका.