पहिल्या चुलीची भाकरी

२ एप्रिल
बायकोचा, छायाचा उजवा हात अजून उचलत नाही. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, लकव्याचा झटका मोठा होता, आता सवय करून घ्या. डॉक्टर निराशावादी आहेत. मे महिन्यात पुतणीची, नम्रताची हळद. कळंबला आमच्या भावकीत हळदीच्या भाकऱ्यांना पहिल्या चुलीवर छायाच बसते. घरी नारळ आणून मानानं बोलावतात. तोवर हात येईल. तोपर्यंत भाकऱ्या मी करणार. तात्पुरत्या.

५ एप्रिल, सकाळ
पीठ, पाणी, अग्नी. एवढंच तर लागतं. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, आता साप्ताहिकाला बातम्या पाठवतो. तांदळाची भाकरी अवघड नसावी.

दुपार
धूर झाला. त्यावरून अग्नीचं अनुमान निघालं. भाकरीचं निघालं नाही.

९ एप्रिल
पीठ जुनं आहे. तवाही एका बाजूला कललेला. छाया खाटेवरून म्हणाली, पाणी उकळायच्या आधीच पीठ टाकलंत. तिला विश्रांती घ्यायला सांगितलं. दुधात पाव कुस्करून दिला. तिनं अर्धा ठेवला.

१६ एप्रिल
साप्ताहिकात 'कौशल्य म्हणजे काय' हा माझा लेख आला. संपादक खूश. लेख पुन्हा वाचताना तव्यावरची भाकरी करपली.

२४ एप्रिल
शेजारच्या जयवंतावहिनी आल्या. माझी वाकड्यातिकड्या कडांची भाकरी उचलून विचारलं, "भावोजी, ह्यो कंचा तालुका?" मी म्हटलं, खालापूर. छाया हसली. हल्ली अर्धंच तोंड हसतं, तरी बरं वाटलं. वहिनींनी स्वतःच्या भाकऱ्या ठेवल्या, छायानं त्यांना हात लावला नाही. कड जाड हाय म्हणे. माझ्या मात्र तुकडे करून खाते. हे प्रशस्तिपत्रच समजतो.

८ मे
व्यायामाचा रबरी चेंडू उशाशी पडून असतो. हळद जवळ आली, अशी आठवण करून दिली. तिनं चेंडू डाव्या हातानं खाटेखाली ढकलला. हालचाल झाली. सराव सुरू आहे, असं समजायला हरकत नाही.

१९ मे
नारळ आला नाही. लग्नघरात गडबड असणार. बातमीच्या निमित्तानं स्वतःच जाऊन आलो. नम्रताचे वडील मालोजीदादा म्हणाले, छायाला कशाला तरास, पहिल्या चुलीवर जयवंता बसतेय. चहा पाजला. घरी येऊन काही बोललो नाही. छायानंही विचारलं नाही. बहुधा तिच्या लक्षात नसेल.

२२ मे, सकाळ
फुगली! कडेपासून कडेपर्यंत टम्म. पापुद्रा कागदासारखा. ताट घेऊन खाटेपाशी धावतच गेलो. छायानं ताट जवळ ओढलं. डाव्या बोटानं भाकरी दाबली, वाफ सोडली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता माजा हात नाय आला तरी चालंल."
मी सांगत होतो, हे तात्पुरतं आहे म्हणून. पण तिनं मान वळवली नाही. जेवलीही नाही.

२४ मे, संध्याकाळ
हळद. आम्ही गेलो नाही. तिकडचा बेंजोबाजा इथवर ऐकू येत होता. चुलींचा धूरही खिडकीतून दिसत होता. छाया तिकडेच बघत होती.
आज ठरवलं, भाकरी मुद्दाम बिघडवायची.
तव्यावर टाकताच फाटली. छायानं वळून पाहिलं. म्हणाली, "उकड कच्ची हाय वो. सून असता तर आमच्या सासूनं म्हायेरी धाडली असती. परात इकडं आणा." परात खाटेवर नेली. तिनं डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि मळायला लावलं. जोर नव्हता. तिची बडबड मात्र बेंजो थांबेपर्यंत चालली. उजवा हात मांडीवर होता. त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.
मुद्दाम बिघडवायचं ठरवलं होतं, हे तिला सांगितलं नाही. बिघडवायची गरजच पडली नव्हती.