सतरा नंबरचा बंदोबस्त

सोमवार, ३ जुलै. सकाळी ७.१०
परिपत्रक आलं. मारायचं नाही, वर्गाबाहेर उभं करायचं नाही, टोचून बोलायचं नाही. मग शिकवायचं कशाने, असं मोठ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, खडूने. तोही फेकायचा नाही.
अठ्ठावीस वर्षं भूमिती शिकवतोय. पण आठवी 'ब'मधली सतरा नंबर! मी फळ्याकडे वळलो की हुबेहूब माझ्या आवाजात म्हणते, कळलं का, दगडांनो? सगळा वर्ग ओरडतो, हो सर! परवा मी स्वतः विचारलं, तर कोणी उत्तर दिलं नाही. सगळे तिची वाट बघत होते.
संकल्प: हिला 'क' तुकडीत धाडीन. कायदा मोडणार नाही. कायद्यानेच वचपा काढीन.

बुधवार, ५ जुलै
हत्यार सापडलं! वर्तन-नोंदवही. गोंधळ झाला की तीन रकाने भरायचे: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, शिक्षकाने काय केलं. दहा नोंदी झाल्या की पालकांसोबत बैठक, तिथे तुकडी बदलून मागता येते. बाकीचे मास्तर पहिला रकाना कोरा सोडतात. आळशी लेकाचे. मी एक अक्षर लपवणार नाही.

शुक्रवार, ७ जुलै
नोंद १. आधी: सर म्हणाले, दगडांनो, वह्या काढा. मुलीने: सरांचा आवाज काढला.
नोंद २. आधी: सर म्हणाले, सतरा, तुझ्या डोक्याचं क्षेत्रफळ काढ, शून्य येईल. (उत्तम विनोद. कोणी हसलं नाही.) मुलीने: सरांचा खोकला काढला. सरांच्या आधी.
अक्षर वळणदार आलंय.

बुधवार, १२ जुलै
नऊ झाल्या. बायकोला कौतुकाने दाखवल्या. म्हणाली, अहो, प्रत्येक वेळी आधी तुम्हीच बोलताय की. म्हटलं, वर्गात मास्तर बोलणार नाही तर काय खुर्ची बोलणार? म्हणाली, तेरा वर्षांच्या पोरीवर डूख धरून बसलात.
डूख नाही. शिस्त. बायकोला भूमिती कधीच जमली नाही.

शुक्रवार, १४ जुलै
सतरा नंबर आज गप्प! ऐन वेळी दगा. चार वेळा उगाच फळ्याकडे वळलो. एक खडू संपवला. चकार शब्द नाही. शेवटी म्हटलं, सतरा, दातखीळ बसली का? तेव्हा कुठे बोलली, माझ्याच आवाजात. हुश्श.
नोंद १०.

सोमवार, १७ जुलै. सकाळी ६.३०
आज अकराला बैठक. इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. तुकडीबदलाचा अर्ज खिशात, फक्त मुलीच्या नावाची जागा भरायची आहे. ते काय, तिथे भरता येईल.

त्याच दिवशी, दुपारी १.४०
मुलीचा बाप गॅरेजवाला. हात धुऊन आला होता, तरी नखं काळी. बोट ठेवून दहाही नोंदी सावकाश वाचल्या. म्हणाला, मास्तर, अक्षर झकास आहे. मी खूश. मग म्हणाला, माझ्या मुलीचं नाव काय?
म्हटलं, सतरा.
म्हणाला, तो नंबर झाला.
मी सांगितलं, हजेरी नंबराने घेतली की वेळ वाचतो. मोठ्या बाईंनी अर्ज माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. रिकामी जागा केवढी मोठी दिसत होती! पेन तसंच राहिलं.
बाईंनी मुलीला आत बोलावून विचारलं, तुकडी बदलून हवी का? म्हणाली, नको, भूमिती यांचीच कळते. वर मेहेरबानी! अंगाचा नुसता तिळपापड झाला.
निकाल: हजेरी नावाने. शिवाय तीन आठवडे मोठ्या बाई माझ्या तासाला मागच्या बाकावर बसणार. मला पाठबळ म्हणून. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही सुवाच्य अक्षरात.
सूड घेणारच. पण आधी नावं पाठ करायला हवीत.

मंगळवार, १८ जुलै
हजेरीला अकरा मिनिटं लागली. तीन नावं चुकली, वर्ग हसला. सतराव्या ओळीशी थांबलो, चष्मा पुसला, नाव घेतलं. हजर सर, म्हणाली. तिच्या स्वतःच्या आवाजात. बस्स.
फळ्याकडे वळलो. त्रिकोण काढला. वाट पाहिली. खोकून पाहिलं. मागे सगळं शांत. शेवटी न राहवून मीच विचारलं, कळलं का? पुढचा शब्द घशातच राहिला.
मागच्या बाकावरून एकट्या मोठ्या बाई म्हणाल्या, हो सर.