डाव्या हाताचं अक्षर

वर्धा,
१२ नोव्हेंबर

ती. मोठीआईस,
वर्षालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षर पाहून दचकू नकोस, माझंच आहे. वाकडं का आलं ते पुढे सांगते. आधी तुझं पोट कसं आहे ते कळव. मुकेशदादाला विचारलं तर तो तुझीच बाजू घेतो. तळलेलं बंद म्हणजे भजीसुद्धा बंद! कापसाच्या वेचणीला बाया मिळाल्या का? यंदा वेचणीआधीची सीतादहीची पूजा तू केलीस की वहिनीनं?

माझं बरं चाललंय. सर्जरीच्या शिक्षणाचं हे शेवटचं वर्ष. पहिली दोन वर्षं दुर्बिणीच्या ऑपरेशनांत मी नुसता कॅमेरा धरला. हत्यारं मिळायची ती आधीच्या सरांच्या मर्जीतल्या मुलांना, ज्यांच्या घरचेच दवाखाने आहेत त्यांना. मी आणि गडचिरोलीची रुचिका, आम्हाला एकच उत्तर : "तुमचा हात अजून बसला नाही." माझा तर खरंच बसत नव्हता. टाका घालताना उजवा हात अडखळायचा. खोलीवर येऊन रडायचे आणि सकाळी पुन्हा कॅमेरा धरायचे.

उन्हाळ्यात लीना मॅडम विभागप्रमुख झाल्या आणि त्यांनी सरावाच्या खोलीचं कुलूपच काढून टाकलं. आता सगळ्यांची पाळी लागते, कोणी कोणाचा का असेना. बंद खोक्यात लांब चिमटे घालायचे आणि पडद्यावर बघून तुरीचे दाणे उचलायचे. दाणे तू पाठवलेल्या तुरीतलेच. एकदा कोणी नाही असं पाहून मी चिमटा डाव्या हातात घेतला. दाणे भराभर वाटीत पडू लागले. मॅडम दारात उभ्या होत्या.

"हा हात इतके दिवस कुठे होता?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं चिमटा उजव्या हातात घेतला.

तुला ठाऊक आहे कुठे होता. मी दुसरीत असताना सीतादहीचा दहीभात शेतात डाव्या हातानं शिंपडला, आणि त्या वर्षी कापसावर लाल्या रोग आला. बाया कुजबुजायला लागल्या. तू माझं मनगट लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधलंस. "आईविना पोर तू. लोकं तुलेच नावं ठेवतीन, माय. हा हात काढूच नोको." चिंधी पुढे सुटली, पण हात बाहेर आला नाही. मला तुझा राग येतो, मोठीआई. आणि तुझ्याइतकं जवळचं मला कोणी नाही.

मॅडमनी डावखुऱ्यांची हत्यारं मागवली. आता पित्ताशयाची ऑपरेशनं मी करते, त्या समोर उभ्या असतात. आजवरचे सगळे पेशंट नीट घरी गेले.

आता तुझ्या पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनचं. परवा फोनवर तू म्हणालीस, "तूच करजो. तुह्या उजव्या हाताले यश हाय. दुसऱ्या कोणाच्या चाकूखाली मी झोपत नाई." मी हो म्हटलं आणि घाईनं फोन ठेवला. मॅडम खरं तर घरच्या माणसावर हत्यार धरू देत नाहीत. तुझ्या हट्टापायी कबूल झाल्या, पण म्हणाल्या, "त्यांना आधी खरं सांग. कोणता हात ते कळल्यावरच त्यांनी हो म्हणावं."

फोनवर माझी जीभ उचलली नसती. म्हणून हे पत्र, त्याच हातानं लिहिलेलं.

तुला नको असेल तर मॅडम करतील, मी उशाशी बसेन. मला वाईट वाटेल, पण ते मी सोसेन. खडा नळीत उतरला तर काविळीनं जिवावर बेतेल. ते मला सोसायचं नाही. म्हणून ये.

आणि माझ्याकडूनच करून घ्यायचं असेल, तर आल्यावर माझा डावा हात एकदा हातात घे. बोलू काही नकोस. मी समजेन.

तुझीच, दोन्ही हातांची,
वर्षाली