धुलाईघरातली बेबी

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधीच सांगून टाकते. आपल्या बेबीला इस्पितळाच्या धुलाईघरात काम शिकवणाऱ्या बाईंचं पद सरकारने बंद केलं. त्यांचा पगार अपंगांच्या रोजगार योजनेतून यायचा. ती योजनाच पुढच्या महिन्यापासून गुंडाळताहेत. बाई आठवड्यातून दोनदाच यायच्या, पण यंत्र बदललं की बेबीला सावकाश, हात धरून शिकवायच्या. मुकादम भला माणूस, त्यानेही हात वर केले. बाई नाहीत तर तिची जबाबदारी कोण घेणार, म्हणाला. चौतीस वर्षांची आपली धाकटी काल गणवेशातच जेवायला बसली. अंगातून काढायलाच तयार नव्हती.

लोभ आहेच, उत्तरात दिसू दे.

तुझी,
माई

११ जून

चि. माईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव कळवळला. पण मला विचारशील तर झालं एवढं पुष्कळ झालं. पाच वर्षं काम केलं, हौस फिटली. सरकारशी भांडायचं आपलं वय आहे का? तिला माझ्याकडे पाठव. इथे एक केंद्र आहे. दिवसभर मणी ओवतात, गाणी ऐकतात. तुलाही जरा श्वास घेता येईल. तुझा हट्ट ठाऊक आहे, म्हणून हात जोडून सांगतो.

रागावलीस तरी लिहीत जा.

दादा

६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हौस तुझी फिटली असेल, तिची नाही. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ते मणी पुढे कोण वापरतं? ते आता तूच तिला कळव.

मग आम्ही सरकारी कचेरीवर गेलो. योजनेतली अकरा माणसं, घरचे, बाई, आणि काय वाटलं कोण जाणे, मुकादमही. अशा लोकांची सरकारला काळजी आहेच, हे तिथले साहेब बराच वेळ समजावत राहिले. तेवढ्यात बेबी उठली. चारही कोपऱ्यांना इलास्टिक असलेली पलंगाची चादर पिशवीतून काढून साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाली, घडी घाला. साहेबांनी खटपट केली, बोळा झाला. लोक हसले, बेबी नाही. तिने चादर घेतली, चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की मला हे यायला चार महिने लागले. बाई होत्या म्हणून आलं. कुणी शिकवलं तर तुम्हालाही येईल.

लेखी उत्तराची तारीख मिळेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. काल उत्तर आलं: योजना एक वर्ष चालू राहील. एकच वर्ष, दादा. उपकार केल्यासारखं लिहिलंय. आम्ही पुन्हा जाणार.

लोभ असू दे, सल्ले जपून वापर.

तुझी,
माई

९ जुलै

दादा,
नमस्कार.

हे मी लिहिते आहे. माई फक्त चुका बघते. नवीन यंत्र आलं. बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, रागावू नकोस. मला काम आहे.

पुढच्या वर्षी परत साहेबांकडे जायचं आहे. तेव्हा तू पण चल. रजेचा अर्ज आत्ताच टाक.

तुझी,
बेबी