आतून लावलेला डाग

प्रिय आई,

तुझं पोट दुखायचं ते त्या पाण्यानंच का? मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, "आता कसं सांगणार?" तरी लिहिते आहे, कारण कळलं ते एकटीला पेलवत नाही. आई, आपल्या तांब्याच्या हंड्यातल्या पाण्यात शिसं निघालं!

तुझ्या लेकीला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. हात बसावा म्हणून मी घरून दोन बाटल्या नेल्या, एक नळाची, एक हंड्याची. नळाचं पाणी चांगलं निघालं. हंड्याचं पाहून वाटलं, बाटलीच घाण असेल. दुसरी धुऊन नेली. पुन्हा तेच!

घरी येऊन हंड्यात बॅटरी मारली. बुडाशी करडे ठिपके. डाग! हंडा गळायला लागला की तू भोक बुजवायला, डाग द्यायला तांबटाकडे न्यायचीस. तो डाग शिशाचा असतो, हे कुणाला ठाऊक होतं गं? आणि तू त्या माणसाला बजावायचीस, "आतून लाव बाबा. बाहेरून दिसला तर बाया म्हणतील, फुटका हंडा मिरवते." बाहेरून हंडा कसा लखलखायचा! आतलं आम्ही प्यायचो.

सगळ्यात जास्त तूच प्यायलीस. आपल्या हर्सूलला नळ किती दिवसांनी येतो, तुला काय सांगू? नळ आला की ताजं पाणी आम्हाला आणि तळाचं शिळं तुला. "फेकायचं कशाला? मला चालतं." पाणी जितकं जास्त दिवस राहतं, तितकं शिसं त्यात उतरतं गं. एकदा तरी ताजं प्यायचं होतंस!

वहिनीला दिवस गेलेत. तिला सांगितलं तर हातातला पेला तसाच राहिला. "वन्सं, मी तर रोज ह्यातलंच पिते." दुसऱ्याच दिवशी तिला रक्त तपासायला घेऊन गेले. अजून काही कळलेलं नाही.

अण्णा मात्र लेकीचं ऐकायचं सोडून माझ्यावरच उखडले. "लई शिकली म्हणून मेलेल्या आईला नावं ठेवती व्हय? तिनं काय इख पाजलं आम्हाला?"

"तिला माहीत नव्हतं, अण्णा."

"मग ऱ्हाऊ दे. हंडा घरात नको तर नको. वर्षश्राद्धाला तिच्या नावानं पाणपोईला देऊ. चार लोकं पाणी पितील, दुवा देतील."

तुझ्या नावानं? येणाऱ्या-जाणाऱ्याला? शाळेतल्या पोरांना?

पाणपोई होईल, आई. मातीचे माठ मांडीन, रोज स्वतः धुऊन भरीन. हा माझा शब्द.

हंडा विकला नाही. मोडीतून कुणी पुन्हा वापरायला नेला असता. आज सकाळी तो अंगणात पालथा घातला. अण्णा दारात उभे होते. मी छिन्नी लावली आणि मूठ जाईल एवढं भोक पाडलं.

तुझी,
शीतल