तराजूवर विचारलेल्या प्रश्नाला माफी न देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य पंच,
घोडदौड नियंत्रण कार्यालय.

विषय : माझ्याविरुद्ध चौकशी नेमण्याबाबत.
संदर्भ : कलम ३१ (अधिकाऱ्याने जॉकीशी कामाखेरीज कोठेही बोलू नये).

महोदय,

१. मी एकोणीस वर्षे वजनघरात आहे. जॉकीला खोगिरासह तराजूवर बसवणे व आकडा मोठ्याने वाचणे, हे माझे काम. जिंकून आलेल्या दोघांना वजन कमी भरले म्हणून मी बाद केले. त्यांतला एक माझा शेजारी होता. तेव्हापासून त्याच्या घरचे माझ्याशी बोलत नाहीत.

२. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने जॉकीशी लग्न केले. कलमामुळे मी लग्नाला गेलो नाही. "बाबा, तुम्ही तुमचं कलमच सांभाळा," एवढे बोलून तिने फोन ठेवला. आता उचलत नाही. जावई आठवड्यातून दोनदा माझ्यापासून हातभर अंतरावर बसतो. मी "बावन्न" म्हणतो, तो "बरोबर" म्हणतो. ती बाळंत होणार, हे मला घोड्यांच्या डॉक्टरांकडून कळले.

३. शनिवारी जावई किलोभर कमी भरला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. वजन भरून काढायला खोगिरात शिशाची पट्टी घाल, असे सांगण्याऐवजी मी विचारले, "सुटली का रे ती?"
रांगेतला एक जण म्हणाला, "सासरेबुवांचा काटा आज हलला!" सगळे हसले. जावई खाली मान घालून म्हणाला, "साहेब, इथं नको. तुमची नोकरी जाईल."

४. (हा परिच्छेद मी खोडला आहे. त्यात फक्त माझ्या घरातल्या, मुलीच्या बाळंतपणासाठी आवरून ठेवलेल्या दुसऱ्या खोलीबद्दल लिहिले होते.)

५. गुन्हा मीच कळवला. आपण "जाऊ द्या हो, बापाचं मन आहे," म्हणून कागद परत केलात. आपला मोठेपणा, पण ही माफी मला परवडणारी नाही. राजीनामा दिला तरी कलम तीन महिने लागू राहते.

६. चौकशीत मात्र आरोपीला साक्षीदारास प्रश्न विचारता येतो, आणि साक्षीदाराला उत्तर द्यावेच लागते. त्याबद्दल त्याच्यावर ठपका येत नाही. सबब माझी चौकशी याच आठवड्यात नेमावी व जावयास साक्षीला बोलवावे.

७. शिक्षा द्याल ती मान्य. साक्षीला दहा मिनिटे असतात. माझा प्रश्न एकच आहे. उत्तर लांबले तर कृपया त्याला थांबवू नये.

चौकशीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेला,
तराजू-अधिकारी, वजनघर
(सही)
दि. १४ नोव्हेंबर

सोबत : माझा कबुलीजबाब, दोन प्रती.