वायरीची मान

५ तारीख, सोमवार
मिक्सरची वायर तुटली. जावयाने सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. म्हणे, आई पिन धरून काढतच नाहीत, वायर ओढतात. मग काय पिनेची आधी परवानगी काढू? लेकही नवऱ्याच्या बाजूने. मिक्सरला हात लावायचा नाही म्हणाली. तोंडात एकही दात नाही. मिक्सर हेच माझे दात. जावईबापू, हिशेब चुकता करीन.

७, बुधवार
जावई वायरींच्या कारखान्यात डिझाइन करतो. म्हणजे काय करतो, त्याचं त्याला ठाऊक. आज स्वतःची नवी वायर बसवली. मिक्सरात शिरते तिथे रबराची जाड मान. म्हणे कितीही ओढा, ताण मानेवर येतो, आतल्या तारांना धक्का नाही.
कितीही? बघतेच. ही तुटली की त्याने माफी मागायची आणि मिक्सर माझ्या हाती. अजून त्याला सांगितलेलं नाही.
तोवर लेक वाटून देते. जाडंभरडं. मुद्दाम.

८, गुरुवार
घरात कोणी नव्हतं. ओढली, पिळली, दारात चेमटवली. तुटली नाही, पण घाबरली.

१०, शनिवार
अख्खी दुपार मान इकडून तिकडे वाकवली. चीर पडली! जावयाला नेऊन दाखवली. तोंड काळं पडेल वाटलं, तर मेला हसला. कशी वाकवलीत, कुठल्या बाजूला, सगळं विचारलं, फोटो काढले. वरवरचं हसणं. आतून पार खचलाय.

१४, बुधवार
नवी मान आणली. हिला खाचा आधीच पाडल्यात, नीट वाकावी म्हणून. माझ्या धाकाने स्वतःच कापून आणली!

१५, गुरुवार
आज सोक्षमोक्ष. पाय ओट्याला लावला आणि दिला हिसडा. वायर आली. मागोमाग मिक्सरही आला. फरशीवर तुकडे. वायर जशीच्या तशी. लेकीने कपाळाला हात लावला. जावई तुकड्यांत बसून मानच कुरवाळत होता. तिथूनच साहेबांना फोन: मशीन फुटलं सर, पण वायर सुटली नाही!
फुटलं ते वायरीपायीच ना? म्हणजे जिंकले मी.

१९, सोमवार
नमला एकदाचा! कारखान्यातून माझ्यासाठी मिक्सर आणला. हा फक्त आईंचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला. मी म्हटलं, राहू दे माफी, मोठं मन आहे माझं. लगेच शेंगदाणे भाजले. भांडं बसवायला गेले तर बसेना. आत मोटरच नाही. नुसता खोका, वजनाला लोखंड आणि ती वायर. म्हणे टेस्टिंगचा आहे, आई, मनसोक्त ओढा.
शेंगदाणे अख्खे गिळले. तेव्हापासून ओढतेय. तुटत नाही मेली.